नाक निकामी झाल्याचा दाखला

"दादा, दार उघड. आत दगड घासतोयस तू."

आतला आवाज थांबला आणि नळ सुरू झाला.

"अंघोळ करतोय."

"कोरडीच? ओल्या फरशीचा वास कुठाय? दगडाचा येतोय, घामाचा येतोय आणि..." मी दाराच्या फटीला नाक लावलं. "दादा, आत वांगं आहे!"

दार उघडलं. हेमकांतदादा बनियनवर उभा होता. दोन्ही मुठींत गोटे, बोटांची सालटी निघालेली, तोंड घामाने निथळत होतं. बादलीत टॉवेलखाली एक लांबडं हिरवं वांगं झोपवलेलं होतं.

"तासभर घासतोय," तो म्हणाला. "ठिणगी म्हणून नाही, उर्वे."

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर आजच्या पोरांना वाटेल की माझा भाऊ वेडा होता. तो वेडा होताच, पण त्या दिवशी नव्हता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि ज्वालामुक्ती खात्यात गंधनिरीक्षक होते. लोक आम्हाला नुसतं 'नाक' म्हणायचे. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी महाजळीत झालं. डोंगर जळाले, पिकं जळाली, अर्धी शहरं जळाली आणि उरलेल्या शहाण्यांनी कायदा केला: यापुढे कुणी कुठेही ज्योत पेटवायची नाही. चूल गेली, काडेपेटी गेली, देवापुढचा दिवा गेला. जेवण मध्यवर्ती रसोईतून पाकिटात यायचं, अडतीस अंश तापमानाचं. आमटी अडतीस, चहा अडतीस, अंघोळीचं पाणी अडतीस. आमच्या तापीकाठच्या सात नंबरच्या वसाहतीत कुणाची जीभ पोळल्याचं मी कधी ऐकलंच नव्हतं.

वस्तूंबरोबर शब्दही गेले. शाळेत कुणी "माझं डोकं पेटलं" म्हणालं की बाकावर उभं राहावं लागायचं. मग नोंदणी कार्यालय नावांच्या मागे लागलं. माझ्या वहिनीचं नाव दीपाली. त्यातला दीप सरकारने काढून घेतला आणि कागदोपत्री ती झाली पाली. पाकिटं वाटणारा जिन्यातून ओरडायचा, "पाली हेमकांत झोपे कोण?" आणि वहिनी हात वर करून म्हणायची, "मीच. भिंतीवर आहे."

तर अशी ही हसरी वहिनी. तिला सातवा महिना होता आणि अकरा दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. पाकीट उघडलं की उलटी. गाल बसले होते, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. डॉक्टरीणबाई आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "बाळाचं वजन वाढत नाहीये. आणखी आठवडाभर हिने खाल्लं नाही तर बाळाची खात्री मी देत नाही." यापूर्वी एकदा असंच झालं होतं आणि ते बाळ राहिलं नव्हतं. त्यामुळे दादा रात्रीचा झोपत नव्हता.

वहिनीला डोहाळा एकच लागला होता. सहा वर्षांची असताना मामाच्या शेतात खाल्लेलं भाजल्या वांग्याचं भरीत. "धुराचा वास पाहिजे त्याला," ती म्हणायची, मग रडायची आणि आपण वांग्यासाठी रडतोय म्हणून हसायची.

दादा प्रदर्शन उद्यानात माळी होता. तिथे काचेमागे भाज्या वाढवत, पोरांना वांगं झाडाला लागतं हे कळावं म्हणून. त्यातलं एक त्याने सदऱ्यात घालून आणलं होतं.

"पण दगडावर दगड घासून आग लागते हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्याच संहितेत आहे. कलम चार."

हे मात्र खरं होतं. ज्वालामुक्ती संहितेत आग लावण्याच्या सव्वीस पद्धती सविस्तर दिल्या होत्या, बंदी घालण्यासाठी. आमच्या पिढीचं आगीचं शिक्षण झालं ते तेवढंच.

मी बादलीच्या काठावर बसले. समोर माझा भाऊ होता, बादलीत वांगं होतं आणि खुंटीवर माझी खात्याची टोपी. पकडले गेलो तर तिघांना तीन वर्षं शीतगृह आणि घराला टाळं. तुरुंगाला तेव्हा शीतगृह म्हणत. वहिनीचं बाळंतपण तिथे झालं असतं तर काय उरलं असतं हे मला सांगायची गरज नव्हती.

"गोटे ठेव खाली," मी म्हटलं. "तळमजल्यावर चल. सुपडूबाबांकडे काडेपेटी आहे."

दादाचं तोंड उघडंच राहिलं.

सुपडूबाबा फालक म्हणजे एकेकाळचे भरीत पार्ट्यांचे आचारी. पाचशे माणसांचं भरीत एकहाती भाजणारा माणूस आता पाकिटांचे गठ्ठे मोजून देत असे. दर रविवारी त्यांच्या दारावरून जाताना मला गंधकाचा एक बारीकसा वास यायचा. आम्ही गेलो तेव्हाही आला.

"बाबा, काडेपेटी काढा."

म्हातारा पांढराफटक पडला. "तुले कधीपासून ठाऊक?"

"तीन वर्षं झाली."

"मग धरलं काहून नाही?"

"आळस," मी म्हटलं. खरं तर रविवारी मी मुद्दाम तिकडून फिरून यायची, तो वास घ्यायला. पण हे मी स्वतःशीही कबूल केलेलं नव्हतं.

दादाने सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "एकच वांगं? भरीत करतेत का असं एका वांग्याचं? लाज आहे का नाही भो तुम्हाले?" मग गादीच्या उसवलेल्या शिवणीतून त्यांनी काडेपेटी काढली. आत तीन काड्या होत्या.

"जळण काय आहे?" बाबांनी विचारलं. "कापसाची पऱ्हाटी पाहिजे खरं म्हणजे. तिचा जाळ वांग्याले मानवते."

पऱ्हाटी कुठली? वसाहतीत सगळं फेसाचं आणि प्लास्टिकचं. घरात लाकडाचं म्हणजे आमच्या आईचं पोळपाट-लाटणं, जे पोळी न पाहता चोवीस वर्षं कपाटात पडलं होतं.

"आणि कागद?"

कागदही एकच होता. खात्याच्या प्रत्येक निरीक्षकाच्या घरी संहितेचे दोन खंड ठेवणं सक्तीचं होतं, एकूण आठशे बेचाळीस पानं.

"दोन्ही आण," बाबा म्हणाले.

गच्चीवरच्या धूम्रमापकाची देखभाल माझ्याकडेच होती. मी तो बंद करून त्यावर 'साफसफाई चालू' अशी पाटी अडकवली. चाळीस मिनिटं मिळणार होती. वहिनी कठड्याला धरून एकेक पायरी चढून आली आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसली. भर दुपारचे बारा वाजले होते.

पहिली काडी दादाने ओढली, भलत्याच जोरात. ती मोडली.

"दुसरी मी ओढणार," मी म्हटलं. "मी अधिकारी आहे."

ती पेटली. खरोखर माझ्या दोन बोटांत पेटली! संहितेत आगीचं चित्र होतं, एक लाल त्रिकोण आणि त्यावर फुली. पण ती हलते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ती माझ्या बोटांकडे चालत यायला लागली. मी किंचाळले आणि काडी फेकली. ती टाकीखालच्या ओलीत पडून चुर्र झाली.

"मेली," दादा म्हणाला.

"हसवू नका रे मला," वहिनी पोट धरून कळवळत होती, "मला लघवीला होते!"

सुपडूबाबांनी आम्हा दोघा अतिशहाण्यांना बाजूला सारलं. तिसरी काडी त्यांनी हळूच ओढली, ओंजळीचा आडोसा केला आणि संहितेचं पहिलं पान तिच्यावर धरलं. 'उद्देश व व्याख्या' कडेने पिवळं पडलं, मग काळं झालं, मग पेटलं. कलम एक ते बारा भराभर गेली. शिक्षांचं प्रकरण जाड कागदाचं होतं, ते उत्तम चाललं. मग लाटण्याने पेट घेतला.

मी जवळ बसले. माझं तोंड तापलं आणि पाठ गारच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माझी एक बाजू गरम आणि एक बाजू गार होती! मी उलटी फिरून पाठ शेकली, पुन्हा फिरले, पुन्हा फिरले. दादा म्हणाला, "उर्वे, तुला भाजायचं नाहीये, वांग्याला भाजायचंय." मला इतका आनंद झाला होता की मी त्याला चिमटा काढला.

वांगं तडतडायला लागलं, त्याची साल काळी पडून सुरकुतली आणि त्यातून वास सुटला. तो वास मी काय सांगणार? मी डोळे मिटून घेतले. आणि मी, जिल्ह्यातलं दोन नंबरचं नाक, एवढं साफ विसरले की वास फक्त मलाच येत नाही.

आधी जिन्यात चपला वाजल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या इंदुमती भारंबे दारात उभ्या राहिल्या. आम्ही चौघं गोठलो. त्यांनी आगीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली.

"पापड आहे," त्या कुजबुजल्या. "भाजता येईल का?"

"कधीचा?"

"माझ्या रुखवताचा."

"काकू, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"सव्वीस."

पापड माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. पण भाजला की हो! फुगला, वाकडा झाला, एका कोपऱ्याला जळला आणि काकू दोन्ही हात गालांना लावून लहान पोरीसारख्या ओरडल्या. मग जिना थांबेचना. कुणी शेंगा आणल्या, कुणी खोबऱ्याची वाटी. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त तलाठ्यांनी देवघरात पुजलेलं मक्याचं वाळकं कणीस आणलं. ते जाळात ठेवलं आणि दाणे फटाफट फुटून उडायला लागले तसे आम्ही सगळे गच्चीवर आडवे पडलो, तलाठी सर्वांत आधी. उठलो तेव्हा कळलं की गच्चीवर वीस-बावीस माणसं आहेत आणि सगळी हसताहेत.

"आता खरं भरीत वाटतंय," सुपडूबाबा म्हणाले. त्यांनी वांगं सोललं, ताटात घेतलं आणि चिमूटभर मिठाबरोबर वाटीने ठेचलं. मिरची नव्हती, लसूण नव्हता, याबद्दल त्यांची कुरकुर चालूच होती. ताट त्यांनी वहिनीपुढे ठेवलं. तिने पहिला घास बोटांत घेतला.

आणि दारातून आवाज आला, "कुणीही हलू नका."

मुख्य निरीक्षक धांडे साहेब. ते समोरच्याच इमारतीत राहायचे. रविवार असल्यामुळे वर गणवेश, डोक्यावर टोपी आणि खाली रेघारेघांचा पायजमा.

"बंद करा, बंद करा," मागे कुणीतरी पुटपुटलं.

"बटण कुठाय पण?"

आग कशी बंद करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. माणसं चटकन खांद्याला खांदा लावून तिच्यापुढे उभी राहिली, पण धूर सगळ्यांच्या डोक्यांवरून निवांत वर चालला होता. वहिनीच्या हातातला घास तसाच होता. दादा तिच्या पुढ्यात जाऊन बसला.

"निरीक्षक झोपे."

"साहेब."

"हुंगा."

याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना ठाऊक होता. मापकं डास बसला तरी वाजायची, म्हणून कायद्याने आग ठरवायचं काम माणसाच्या नाकाला दिलं होतं. त्या वसाहतीसाठी नेमलेल्या नाकाने सही केली तर आग लागली. नाही केली तर लागली नाही. साहेब कितीही मोठा असला तरी त्याच्या डोळ्यांना कोर्टात किंमत नव्हती.

मी श्वास घेतला. भाजलेलं वांगं आलं. छापील शाई आली. रुखवताचा पापड, मका, आईच्या लाटण्याचं जुनं शिसव, माझ्याच केसांची होरपळलेली बट. आणि या सगळ्यांच्या खाली, अगदी तळाला, वहिनीच्या श्वासाचा वास. उपाशी माणसाच्या श्वासाला एक आंबूस वास असतो. घरात अकरा दिवस तो मला येत होता आणि मी तो टाळत होते, कारण त्याचा अर्थ मला कळत होता.

"साहेब," मी म्हटलं, "मला कसलाच वास येत नाही."

"पुन्हा हुंगा."

मी पुन्हा हुंगलं. धूर थेट घशात गेला आणि मला ठसका लागला. "काही नाही, साहेब."

"मग डोळ्यांतून पाणी का येतंय?"

"डोहाळजेवण आहे, साहेब. आनंदाचं आहे."

"मला समोर धूर दिसतोय, झोपे!"

"दिसण्याला किंमत नाही. कलम बावीस. प्रशिक्षणात तुम्हीच शिकवलंत."

धांडे साहेबांच्या मानेवरची शीर फुगली. "आणा संहिता. दाखवा मला कलम बावीस."

दादाने घसा साफ केला.

"साहेब, ते आत्ताच संपलं."

इंदुमतीकाकूंच्या तोंडून फस्सकन हसू सुटलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण उशीर झाला होता. तलाठी हसले, तलाठीणबाई हसल्या, सुपडूबाबा तर हसता हसता खालीच बसले. मीही हसत होते. शीतगृहाच्या दारात उभी असलेली बावीस माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून छापील फॉर्मचं पुस्तक काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"आग नाही असं नाक म्हणतंय," ते लिहिता लिहिता म्हणाले, "आणि नाकाचा शब्द अंतिम. म्हणजे एक तर इथे आग नाही, किंवा नाक निकामी झालंय. कोणतं लिहू?"

पहिलं लिहिलं तर खातरजमेला जिल्ह्यातलं एक नंबरचं नाक यायचं; माझं नाक निकामी लिहिलं तर प्रकरण माझ्यापाशीच मिटायचं.

"दुसरं लिहा, साहेब."

"नोकरी जाईल. पुन्हा कुठल्याही खात्यात घेणार नाहीत. आणि हुशार नाक होतं तुमचं."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. पुढच्या दोन वर्षांत जिल्ह्यातली एकशे बारा नाकं अशीच निकामी झाली आणि खातं बंद करावं लागलं, पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं? वयाच्या तेराव्या वर्षी निवड झाल्यापासून मला दुसरं काही येत नव्हतं.

साहेब निघाले. त्यांच्या वाटेत भरताचं ताट होतं. त्यांनी पायजमा घोट्याच्या वर उचलला, पाय लागणार नाही असं ताट ओलांडलं आणि जिना उतरून गेले.

"खा आता," दादा वहिनीला म्हणाला.

तिने घास तोंडात घातला. बावीस माणसं तिच्या जबड्याकडे पाहत होती. तिने गिळलं. आम्ही वाट पाहिली. तिने डोळे मिटले, पोटावर हात ठेवला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"शाईचा वास येतोय," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग तिने ताट मांडीवर ओढलं आणि पापडाच्या तुकड्याने ते पुसून पुसून खाल्लं. शेवटी तलाठ्यांकडे हात पसरून म्हणाली, "काका, मका उरलाय का?" दादा टाकीमागे जाऊन रडून आला. ते पोटात ठरलं. संध्याकाळी तिने शेंगाही खाल्ल्या.

उरलेली आग सुपडूबाबांनी आमच्या शोभेच्या लोखंडी कढईत घेतली, तिच्यावर राख पसरली आणि कढई आमच्या न्हाणीघरात नेऊन ठेवली. "झोपू दे तिले," ते म्हणाले. "वारा लागू नका देऊ." मी सकाळपर्यंत चार वेळा उठून पाहिलं. काही दिसत नव्हतं, पण राखेवर हात धरला की ऊब लागायची.

सकाळी सात वाजता दारावर थाप पडली. मी उघडलं तर धांडे साहेब, आज पूर्ण गणवेशात, काखेत पिशवी.

"नाक निकामी झाल्याचा दाखला," ते म्हणाले. "तीन प्रती. इथे, इथे आणि इथे सही."

मी सह्या केल्या. टोपी आणून दिली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले, टोपी पिशवीत घातली, पण जाईनात. एकदा जिन्याकडे पाहिलं. मग पिशवीच्या तळातून लांब दांड्याची लोखंडी पळी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"विस्तव आहे का?"

"काय?"

मला खरंच कळलं नाही. तो शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या शब्दकोशातून तो इतका स्वच्छ काढला होता की बंदीच्या यादीतही उरला नव्हता.

साहेब जमिनीकडे बघत बोलले. "आमच्या गावी सकाळी आई मला पळी देऊन शेजारी पाठवायची. विस्तव द्या म्हणावं. मग त्यावर आमची चूल पेटायची. शेजाऱ्यांशी आमचं बांधावरून भांडण होतं, बोलणं बंद होतं. तरी द्यायचे. नाही म्हणायची रीत नव्हती." त्यांनी पळी दुसऱ्या हातात घेतली. "काल हिला खिडकीतून वास आला. आमची ही. रात्रभर खिडकीतच बसून होती, हाक मारली तरी उठेना."

मी पळी त्यांच्या हातातून घेतली, न्हाणीघरात गेले आणि राख बाजूला केली. खाली लालभडक होतं. दोन निखारे पळीत घेतले, वर चिमूटभर राख टाकली आणि दोन्ही हातांनी धरून दारापाशी आणले.

"उर्वी," वहिनीने आतून विचारलं. तिच्या तोंडात घास होता. "कोण आलंय गं एवढ्या सकाळी?"

"शेजारचे आहेत," मी म्हटलं.